लाल बादली आणि तळाचे पाणी

मंगळवार, १२ सप्टेंबर २०१७. एकर्नफ्योर्ड.
वारा नैऋत्येचा, कालपासून जोरात. यशपाल उजाडायच्या आत बोटीवर गेला. शुभाची सकाळची पाळी. अपेक्षाला डब्यात मेथीचा पराठा दिला, अर्धा परत आला. किनाऱ्यावर मासे. लाल बादली वापरली, धुऊन जागेवर ठेवली. गुरुवारी टेर्मिन.

प्रभावती मेश्राम यांनी त्या दिवशी एवढेच लिहिले. त्यांची डायरी नेहमी अशीच असे. कामठीच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर बेनेडिक्टा म्हणून कुठल्याशा थंड देशातून आलेल्या बाई होत्या. रोज रात्री चार ओळी लिहायची सवय त्यांनीच लावली. "काय झालं ते लिही," त्या सांगत, "काय वाटलं ते लिहू नकोस. ते परमेश्वराला माहीत असतं." मुलगी हे घरी सांगायला गेली, तेव्हा रेल्वेत कारकून असलेले आणि नुकतीच दीक्षा घेतलेले वडील म्हणाले होते, "परमेश्वराचं तेवढं सोड. बाकीचं बरोबर आहे." प्रभावतीबाईंनी दोघांचेही ऐकले. शाळा संपली, नागपूरच्या एजी ऑफिसातली नोकरी लागली आणि संपली, सुखदेवरावांबरोबरचा संसार झाला. डायरीत मात्र कधी 'वाटले' हा शब्द आला नाही.

सुखदेवराव गेले ती ओळही तशीच होती. 'पहाटे हे गेले. सुधाने चहा करून आणला.' यशपाल त्या वेळी बाल्टिक समुद्रात होता, संशोधनाच्या बोटीवर. निरोप पोचून, बोट बंदराला लागून, विमान धरून तो नागपूरला इंदोऱ्याच्या घरी आला तोवर सगळे आटोपले होते. नंतर महिनाभराने प्रभावतीबाई न्हाणीघरात पाय घसरून पडल्या. लागले फार नव्हते, पण यशपालला फोनवर कळले आणि त्याच्या मनाने घेतले, आता आई एकटी राहणार नाही. तो आला, त्याने दोन बॅगा भरल्या, घराची किल्ली शेजारच्या सुधाकडे दिली आणि आईला उत्तर जर्मनीतल्या या बंदराच्या गावी घेऊन आला. आल्या तेव्हा तीन महिन्यांचा व्हिसा होता. तो संपायच्या आत यशपालने अर्ज केला, की वृद्ध आईला कायम आमच्याकडे राहू द्यावे. अर्जाचा निकाल लागेपर्यंत एक हंगामी कागद मिळाला. त्या कागदावर इथे राहता येत होते, पण देशाबाहेर पाऊल टाकले तर परत यायची वाट बंद. म्हणजे जाऊन यावे, असे काही उरले नव्हते.

घर तिसऱ्या मजल्यावर, खाडीवर तोंड करून. खिडकीत उभे राहिले की समोर पाणीच पाणी. बाई पहिल्या दिवशी म्हणाल्या, "छान आहे." दुसऱ्या दिवशीही म्हणाल्या. मग म्हणायचे राहून गेले. सून शुभा जवळच्या कील शहरात इस्पितळाच्या प्रयोगशाळेत, यशपाल तिथल्याच समुद्र-संशोधन संस्थेत, नऊ वर्षांची अपेक्षा शाळेत. आजी मराठीत विचारायची, नात जर्मनमध्ये उत्तर द्यायची, दोघींचे बरे चालले होते. पण अपेक्षाला शाळेत सोडल्यापासून ती परत येईपर्यंत घरात बाईंचा आवाज कुणाच्या कानावर पडत नसे. इथल्या घरांचा एक नियम होता, करारातच लिहिलेला. सकाळ-संध्याकाळ सगळ्या खिडक्या सताड उघडून घरातली हवा बदलायची, नाहीतर भिंतींना बुरशी धरते. शुभा जाताना बजावून जाई, "आई, लुफ्टन विसरू नका हं." बाई खिडक्या उघडत, शाल घेऊन मधोमध उभ्या राहत आणि थंडी हाडात शिरली की बंद करत. त्यांना नवल वाटे. घराच्या श्वासाची एवढी काळजी घेणारी ही माणसे!

सुधाचा फोन रविवारी येई. विहाराच्या वाचनालयात बाई मुलींना इंग्रजी शिकवायच्या. सुधा सांगे, "ताई, पोरी अजून विचारतात, मॅडम कधी येणार. मी म्हणते, येतील येतील. किती दिवस म्हणू?" बाई म्हणत, "म्हणत राहा." एकदा हे यशपालच्या कानावर पडले. तो हसून म्हणाला, "आई, तिला खरं सांगून टाक ना." काय खरे, ते बाईंनी विचारले नाही आणि त्यानेही सांगितले नाही.

त्या गुरुवारी परदेशी लोकांच्या कचेरीत जायचे होते. रेंड्सबुर्गला, ठरलेल्या वेळी. तोच टेर्मिन. नियम असा, की आईबापाला इथे ठेवून घ्यायचे तर त्यांचे एकट्याने चालूच शकत नाही हे पटवून द्यावे लागते. यशपालने डॉक्टरचा दाखला घेतला होता: गुडघे, रक्तदाब, चक्कर. आता आईची तयारी करून घेणे चालले होते. रविवारी संध्याकाळी बाई पोळ्या लाटत होत्या आणि तो ओट्याला टेकून शिकवत होता.

"कचेरीतल्या बाई विचारतील, स्वयंपाक करता येतो का. तू म्हण, नाही."

"आणि ह्या पोळ्या कुणी केल्या म्हणून सांगू?"

"आई, त्या पोळ्या बघायला येणार नाहीयेत."

"वास आला तर येतीलही," शुभा टेबल पुसता पुसता म्हणाली. "खालच्या फ्राउ लोरेन्झन येतातच की."

"शुभा, प्लीज. आई, दुसरं. एकट्या बाहेर जाता का? नाही. औषधं आठवतात का?"

"नाही," बाई म्हणाल्या. "तू सकाळी तुझी अ‍ॅलर्जीची गोळी घेतली नाहीस."

यशपालने कपाळाला हात लावला. शुभा तोंड फिरवून हसली. बाई हसल्या नाहीत. तव्यावरची पोळी फुगली, ती त्यांनी उतरवली. साठ वर्षे रोज जे झाले तेच लिहिणाऱ्या हाताने, जे नाही त्यावर सही करायची होती.

मंगळवारी सकाळी त्या अपेक्षाला घेऊन निघाल्या. शाळेची वाट किनाऱ्याने जाते. वारा पाठीवर होता, समुद्राकडे जाणारा, आणि तरी पाण्याला कुजक्या अंड्यासारखा वास येत होता. वाळूच्या कडेला काहीतरी हलत होते. जवळ गेल्यावर दिसले, मासे. वीतभर पाण्यात, अगदी काठाला, गर्दी करून. चपटे तपकिरी, दोन्ही डोळे एकाच बाजूला असलेले. बोटाएवढे बारके. दोनचार वाम सापासारखे वळवळत होते. सगळ्यांची तोंडे उघडमीट होत होती.

"आजी! डी एर्श्टिकन!" अपेक्षा ओरडली. मग आजीला समजावे म्हणून गळ्याला हात लावून दाखवले. गुदमरतायत.

ती जागची हलेना. शाळेची घंटा व्हायला आली तरी हलेना. डोळ्यांत पाणी. बाईंनी तिच्या पाठीवरचे दप्तर सारखे केले.

"तू शाळेत जा. मी त्यांना घरी सोडते."

"फेरश्प्रोखन?" नक्की?

"नक्की."

दिलेला शब्द म्हणजे शब्द. घरी येऊन बाईंनी फरशी पुसायची लाल बादली घेतली, साडी खोचली, यशपालचे रबरी बूट घातले आणि किनाऱ्यावर आल्या. मासे त्यांनी आयुष्यभर खाल्ले होते. सुखदेवरावांना तर वर्धेकडचा झिंगा म्हटला की दुसरे काही सुचत नसे. पण सकाळी पंचशील म्हणून उठावे आणि समोर एवढे जीव तोंड वासून पडलेले असावेत, हे काही वेगळे होते. शिवाय त्या मुलीला शब्द दिला होता. त्या ओंजळीने मासे बादलीत घेत, लाकडी धक्क्यावरून चालत टोकापर्यंत जात आणि जिथे पाणी खोल, काळे होते तिथे ओतत. मासा पाण्यात पडला की क्षणात खाली दिसेनासा होई. बाईंना बरे वाटे. गेला घरी.

फ्राउ लोरेन्झनही आल्या होत्या, त्यांचीही बादली घेऊन. त्यांच्या बादलीतले मासे तव्याकडे निघाले होते. त्या नवऱ्यामागे एकट्या, ऐंशीच्या घरातल्या, तीन मजले चढून वर येणाऱ्या. प्रभावतीबाईंची येरझार पाहून त्या मोठ्याने हसल्या.

"फ्राउ मेश्राम! फिश-टॅक्सी?"

"या, या," बाई त्यांच्याच भाषेत हो म्हणाल्या. "टॅक्सी." आणि हसल्या. वर्षभरात त्या घराबाहेर पहिल्यांदाच मोठ्याने हसल्या. गुडघे दुखत होते, हात बधिर झाले होते, पण बादली कुणी हातातून घेतली नव्हती. 'आई, तू राहू दे,' असे म्हणायला कुणीही नव्हते.

संध्याकाळी यशपाल आला तो थकलेला आणि तरी तोंडावर उजेड असलेला. खाडीच्या तोंडाशी एक ठरलेली जागा आहे. त्याच्या जन्माआधीपासून दर महिन्याला कुणीतरी तिथे बोट नेऊन वेगवेगळ्या खोलीवरचे पाणी बाटल्यांत भरून आणते. गेली काही वर्षे हे काम त्याच्या गटाकडे होते.

"तळाची बाटली उघडली ना, नाक धरायची वेळ आली," तो जेवता जेवता म्हणाला. "ऑक्सिजन शून्य. मोजायलाच काही नाही."

अपेक्षा त्याच्यापेक्षा घाईत होती. तिने भराभर जर्मनमध्ये सांगून टाकले: किनाऱ्यावर मासे आले होते, मरत होते, आजीने बादलीने सगळे परत खोल पाण्यात नेले, आजी हेल्डिन आहे. वीरांगना.

यशपाल खदखदून हसला. "आई, खरंच? धक्क्यावरून?" आणि हसता हसताच बोलून गेला, "अगं, ते तिथूनच तर पळून आले होते!"

"कुठून?"

"खोल पाण्यातून. हे बघ." समोरची वरणाची वाटी त्याने पुढे ओढली. बाईंनी नुकतीच फोडणी घातली होती. "फोडणी वर तरंगते ना? तसं. वरचं पाणी ऊबदार, हलकं. खालचं गार, खारट, जड. दोन्ही मिसळत नाहीत. वरचं पाणी खालच्यावर झाकणासारखं बसतं. खाली जेवढा श्वास असतो तेवढाच. वरून पडलेला गाळ कुजतो, तो उरलेला श्वास खातो. शरदात वादळं आली की सगळं घुसळून निघतं. पण आता उन्हाळे लांबतात, पाणी तापलेलं राहतं, झाकण लवकर उघडत नाही. आणि ह्या समुद्राला दार तरी केवढं? डेन्मार्कच्या बेटांमधून दोन-तीन फटी. बाहेरचं ताजं पाणी मनात येईल तेव्हा आत येत नाही, वाऱ्याची मर्जी लागते."

"आणि आज?"

"आज नैऋत्येच्या वाऱ्याने वरचं पाणी बाहेर लोटलं. मग तळाचं शिळं पाणी काठाला वर आलं. मासे त्याच्यापुढे पळत पळत काठाला आले. लाटा फुटतात तिथे थोडी हवा असते, तेवढ्यावर टिकून होते बिचारे. आणि तू त्यांना..."

"यश!" शुभा म्हणाली. "मुलीसमोर!"

उशीर झाला होता. अपेक्षाने आधी बापाकडे पाहिले, मग आजीकडे, आणि ताट सोडून खोलीत गेली. रडण्याचा आवाज दारातून येत राहिला. प्रभावतीबाई उठल्या. धुऊन ठेवलेली बादली त्यांनी पुन्हा धुतली. यशपाल मागे येऊन म्हणाला, "आई, तुला काय माहीत असणार. चांगल्याच मनाने केलंस ना?"

'चांगल्याच मनाने' हे शब्द त्यांच्या हातात साबणासारखे निसटत राहिले.

बुधवारी वारा पडला. मेलेले मासे पांढरी पोटे वर करून धक्क्याभोवती तरंगत होते, नगरपालिकेची माणसे जाळीने काढत होती. बाईंनी दुपारी खिडकीतून पाहिले आणि खिडकी लावून घेतली. मग पुन्हा उघडली. यशपाल लवकर आला. उद्याची उजळणी करायची होती. बाई म्हणाल्या, "चल, पाण्यापाशी जाऊ."

दोघे धक्क्याच्या टोकाला जाऊन उभे राहिले. पाणी शांत होते, वरून पाहिले तर काही झाले आहे असे कुणी म्हटले नसते.

"विचारायला हवं होतं," बाई म्हणाल्या.

"कुणाला? माशांना?" तो हसला.

"हो. एवढे जीव काठाला येऊन पडलेत तर का आलेत, एवढं तरी. मी पाहिलं, मला दया आली, मी बादली आणली."

"आई, सोड ना आता ते."

"तूही बादली घेऊनच आला होतास, यशू. नागपूरला."

यशपालचा हात कठड्यावर होता, तिथेच राहिला. तो म्हणाला, "तू पडली होतीस."

"पडले होते. उठलेही होते. तू आलास तेव्हा मी कुकर लावत होते."

"आणि पुन्हा पडलीस तर? पुन्हा फोन येणार, आणि मी कुठल्या तरी बोटीवर. बाबांच्या वेळी कॅप्टन खाली सांगायला आला ना, मी बाटल्यांवर चिठ्ठ्या लावत होतो. मला वाटलं, दुसऱ्या कुणाला तरी सांगतोय. माझ्याच्याने पुन्हा नाही होणार, आई."

चाळिशीचा मुलगा, केस पांढरे व्हायला लागलेला. बाईंनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. तो लहानपणी तापाने फणफणायचा तेव्हा फिरवत तसा.

"फोन येईल रे. मी इथे असले तरी येईल. तू तेव्हाही बोटीवरच असशील."

"म्हणजे तुला इथे..."

"शुभा चांगली आहे. ती पोर तर माझा जीव आहे. तुम्ही मला काही कमी केलं नाही. पण मी वर्षभर काठाला तोंड लावून आहे, यशू."

अंधार पडायच्या आत दोघे परतले. उजळणी झाली नाही. 'नाही म्हण' असेही तो म्हणाला नाही, 'हो म्हण' असेही नाही. रात्री बाईंना त्याच्या खोलीतून शुभाचा दबका आवाज ऐकू आला, "मी काय सांगू? आई तुझ्या आहेत." त्यापुढे दार लागले.

गुरुवारी सकाळी शुभाने त्यांना निळी साडी काढून दिली. "ही नेसा, आई. उठून दिसते." मग उगीच पदर सारखा करत राहिली. रस्त्याकडेच्या मक्याच्या शेतांकडे बाई पाहत राहिल्या. एकटीचे चालते म्हणावे तर पोराला भर कचेरीत खोटे पाडल्यासारखे होणार. नाही म्हणावे तर तिसऱ्या मजल्यावरचे ते दार कायमचे लागणार, आणि ते लावणारा हात आपलाच असणार.

कचेरीत टेबलामागे एक तरुण बाई होती, चष्म्याची, विनाकारण न हसणारी पण वाईटही नाही. तिने कागद उलटले, दाखला वाचला, यशपालला काही विचारले, त्याने उत्तरे दिली. बाईंना 'मुटर', म्हणजे आई, तेवढे कळले. मग ती थांबली, प्रभावतीबाईंकडे सरळ पाहून सावकाश काहीतरी म्हणाली आणि यशपालकडे पाहिले, सांगा त्यांना.

यशपालने खुर्ची आईकडे वळवली.

"आई, ती विचारतेय..." तो थांबला. "ती विचारतेय, तू एकटी राहू शकतेस का."

वर्षभरात हा प्रश्न बाईंना पहिल्यांदा विचारला गेला होता. परक्या बाईने विचारला होता, पण आला होता मुलाच्या तोंडून, मराठीत. तो उत्तराची वाट पाहत होता. कुठलेही उत्तर त्याने पढवले नव्हते.

"हो," बाई म्हणाल्या.

यशपालने खाली पाहिले. टेबलावर त्याच्याच हाताने लावलेल्या कागदांची चळत होती. त्या क्षणी तो काहीही म्हणू शकला असता. आईला जर्मन येत नव्हती, त्या बाईला मराठी येत नव्हती, मधे तो एकटाच होता.

"या," तो म्हणाला. "झी कान." हो, राहू शकते.

टेबलामागची बाई जरा चकित झाली. तिने काहीतरी समजावून सांगितले. मग अर्ज मागे घेण्याचा, परत जाण्याच्या मुदतीचा विषय निघाला. बाईंनी तो ऐकला नाही. त्यांची नजर मुलाच्या हातावर होती. त्यांनी आपला हात त्यावर ठेवला, आणि तो बराच वेळ तसाच राहू दिला.

परतताना यशपालने खाडीपाशी गाडी थांबवली, काचा खाली केल्या आणि स्टिअरिंगवर डोके टेकून रडला. बाई त्याला थांबवायला गेल्या नाहीत. घरी पोचल्यावर अपेक्षा दारात होती. तिला सगळे आधीच कळले होते, यशपालने फोनवर शुभाला आणि शुभाने तिला सांगितले असावे. ती आजीला मिठी मारून मराठीत म्हणाली, "तू जाऊ नको." मोडक्या, पण मराठीत. बाईंनी ती मिठी सोडवली नाही.

त्या रात्री त्यांनी लिहिले:

गुरुवार, १४ सप्टेंबर. रेंड्सबुर्गला जाऊन आलो. वारा नाही. संध्याकाळी सगळ्या खिडक्या उघडल्या. मुगाची डाळ डब्यात तळाला आली आहे. निघेपर्यंत पुरेल. नवी पिशवी आणू नको, असे शुभाला सांगितले.